अन्ननलिका ते गुदाशय: स्कॅन किती, कधी आणि कशासाठी?

कर्करोग रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर बाकावर बसलेल्यांत रुग्ण कोण आणि सोबत आलेला कोण, हे चेहऱ्यावरून नेहमी कळत नाही. फाइल कोण सांभाळतो आहे ते मात्र लगेच दिसते. त्याच्या मांडीवर जाड प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात सोनोग्राफीचा कागद, सीटीच्या काळ्या फिल्म, एखादी सीडी, पेट स्कॅनचा रंगीत रिपोर्ट. प्रत्येक कागदामागे काही हजार रुपये आणि चार-दोन दिवसांची वाट असते. आत गेल्यावर डॉक्टर त्यातली एखादीच फिल्म उजेडाकडे धरतात आणि कधीकधी म्हणतात, "हा एमआरआय पुन्हा करावा लागेल."

तो पुन्हा का करावा लागतो, याचे उत्तर पुढे येईल. आधी प्रश्न नीट मांडू. त्या पिशवीतल्या कोणत्या स्कॅनच्या उत्तराने उपचार खरोखर बदलला? चित्र स्पष्ट येते का, हा यंत्र बनवणाऱ्यांचा प्रश्न झाला. रुग्णाचा आणि सर्जनचा प्रश्न उपचाराचा असतो, आणि या विषयातले बहुतेक वाद त्याच्याभोवती फिरतात. पचनमार्ग म्हणजे इथे अन्ननलिका, जठर, मोठे आतडे आणि गुदाशय. त्यांच्याबरोबर यकृतही घ्यावे लागते, कारण आतड्याचा कर्करोग पसरला तर बहुधा आधी तिथे पोचतो. पित्ताशय आणि स्वादुपिंड यांचे प्रश्न वेगळे आहेत. ते या लेखात घेतलेले नाहीत.

सावलीपासून छेदापर्यंत

राँटगेनला क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये वैद्यकीचा विद्यार्थी असलेल्या वॉल्टर कॅननने प्राण्यांना बिस्मथ मिसळलेले अन्न चारून गिळलेला घास पोटात कसा उतरतो ते क्ष-किरणांखाली पाहायला सुरुवात केली. बिस्मथची जागा पुढे बेरियमने घेतली. जुन्या पिढीतल्या अनेकांना तो पांढरा, खडूच्या चवीचा घट्ट द्रव आठवत असेल. जपानमध्ये जठराच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे. तिथल्या डॉक्टरांनी बेरियम आणि हवा एकत्र वापरून जठराच्या आतल्या अस्तराच्या बारीक सुरकुत्या दाखवणारी पद्धत विकसित केली आणि लक्षणे दिसण्याआधीच्या गाठी शोधल्या.

मग एन्डोस्कोपी आली आणि निदानाचे काम क्ष-किरणांच्या हातून गेले. दुर्बीण आत घालून गाठ डोळ्यांनी पाहता येते, तिचा तुकडाही काढता येतो. आज पचनमार्गाच्या कर्करोगाचे निदान एन्डोस्कोपी आणि बायोप्सीने होते. सीटीत अस्तरातली लहान गाठ सहज निसटते. "पोटाचा सीटी नॉर्मल आला, म्हणजे कॅन्सर नाही" हा समज म्हणूनच धोक्याचा. शौचातून रक्त पडत असेल तर स्वच्छ सीटी हातात असूनही कोलोनोस्कोपी टाळता येत नाही.

निदानाचे काम गेले तरी स्कॅनकडे दुसरे काम आले: रोग कुठवर गेला आहे ते सांगणे. गॉडफ्रे हाउन्सफिल्डच्या सीटी यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा छेद दाखवला. १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात किरणोत्सारी साखरेसारखा रेणू, एफडीजी, माणसाला प्रथम टोचला गेला. ऐंशीच्या दशकात एमआरआय दवाखान्यांत आला. पेट आणि सीटी एकाच यंत्रात बसवण्याचे काम नव्वदच्या दशकाच्या अखेरीस झाले. भारतातले पहिले पेट केंद्र २००२ साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले.

कोणते यंत्र काय पाहते

सीटी वेगवान आहे, जवळपास सगळीकडे मिळतो आणि छातीपासून ओटीपोटापर्यंत काही सेकंदांत जातो. फुप्फुसातले डाग, यकृतातल्या गाठी, आतडे अडले आहे का, एवढे तो चांगले सांगतो. आतड्याच्या भिंतीचे थर मात्र त्याला वेगळे दिसत नाहीत. थर पाहायचे तर एन्डोस्कोपच्या टोकाला बसवलेली सोनोग्राफी लागते, म्हणजे रुग्णालयात ज्याला ईयूएस म्हणतात ते. गुदाशय आणि यकृत यांच्यासाठी एमआरआयसारखे दुसरे काही नाही. मऊ ऊतींमधला फरक तो सर्वांत चांगला टिपतो. वेळ मात्र फार घेतो, आणि श्वास रोखता न येणाऱ्या रुग्णाचे चित्र हलते.

पेटचा मामला निराळा. तो आकार पाहत नाही, भूक पाहतो. कर्करोगाच्या पेशी साखर अधिक ओढतात, या एका गोष्टीवर त्याचे सगळे गणित उभे आहे. स्कॅनच्या दिवशी रुग्ण उपाशी येतो, रक्तातली साखर तपासली जाते, इंजेक्शन दिले जाते आणि मग तासभर एका शांत खोलीत पडून राहायचे असते. बोलायचे नाही, काही चघळायचे नाही, कारण चघळले की जबड्याचे स्नायू साखर ओढतात आणि चित्रात उजळतात. थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी उजळते, म्हणून ब्लँकेट देतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर आतडेच्या आतडे पेटल्यासारखे दिसते आणि त्या उजेडात गाठ शोधणे अवघड होते. इंजेक्शनमधल्या किरणोत्सारी फ्लोरिनचे अर्धे आयुष्य सुमारे ११० मिनिटे. ते जिथे तयार होते त्या सायक्लोट्रॉनपासून केंद्राकडे निघालेली गाडी वाहतुकीत दोन तास अडकली, तर निम्म्याहून कमी औषध उरते. ज्या शहरात सायक्लोट्रॉन जवळ नाही, तिथे पेटच्या वेळा त्या गाडीच्या वेळेनुसार ठरतात.

उपचाराआधी: गुदाशयाची गोष्ट

स्कॅनने उपचार खऱ्या अर्थाने कुठे बदलला असेल, तर तो गुदाशयाच्या कर्करोगात. ही गोष्ट जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

एकेकाळी गुदाशयाची गाठ काढल्यावर ती ओटीपोटात पुन्हा उगवण्याचे प्रमाण फार होते. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी म्हटले की, दोष गाठीत कमी आणि शस्त्रक्रियेत जास्त आहे. गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टन असते, मेसोरेक्टम. संत्र्याच्या फोडीवरची पातळ साल न फाडता फोड वेगळी करावी, तसे हे वेष्टन अखंड काढले पाहिजे. चार वर्षांनी लीड्सचे पॅथॉलॉजिस्ट फिल क्वर्क यांनी काढलेल्या नमुन्यांचे आडवे छेद घेऊन दाखवले की, गाठ या वेष्टनाच्या कडेपर्यंत पोचली असेल तर ती परत येते. मग प्रश्न उरला, शस्त्रक्रियेआधीच ही कड कशी पाहायची?

ते काम एमआरआयने केले. युरोपातल्या मर्क्युरी अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४०८ रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतर ज्यांची कड मोकळी निघाली, त्यांच्यापैकी सुमारे ९२ टक्के रुग्णांत एमआरआयने आधीच तसे सांगितले होते. तेव्हापासून गाठ आणि वेष्टनाची कड यांच्यातले एक मिलिमीटर अंतर निर्णायक मानले जाते. अंतर जास्त असेल तर थेट शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो. कमी असेल तर आधी रेडिएशन, म्हणजे रुग्णांच्या भाषेत 'लाइट', आणि किमो देऊन गाठ आक्रसवायची. गाठ भिंतीबाहेरच्या शिरेत शिरली आहे का, हेही एमआरआयमध्ये दिसते. दिसले तर रोग दूर पसरण्याची शक्यता वाढते.

यासाठी एमआरआयचे छेद पातळ घ्यावे लागतात, आणि जिथे गाठ आहे त्या ठिकाणी आतड्याला काटकोनात घ्यावे लागतात. ओटीपोटाचा साधारण एमआरआय काढला तर छेद तिरके पडतात आणि एका मिलिमीटरचा निर्णय कोणालाच घेता येत नाही. सुरुवातीच्या त्या पिशवीतला एमआरआय पुन्हा करावा लागतो, त्याचे एक मोठे कारण हे. यंत्र तेच असते, चिठ्ठीवरही तेच लिहिलेले असते. छेद कसे घ्यायचे ते कोणी सांगितलेले नसते.

मतभेद दोन जागी आहेत. पहिला लसिका गाठींचा. आकारावरून त्यांत रोग आहे की नाही हे ठरवणे भरवशाचे नाही. लहान गाठीत रोग सापडतो आणि मोठी गाठ नुसती सुजलेली निघते. वेष्टनाबाहेर, ओटीपोटाच्या भिंतीलगत असलेल्या गाठींबाबत जपान आणि पाश्चात्त्य देश यांची मते बराच काळ निरनिराळी होती. जपानी सर्जन त्या काढून टाकत. पश्चिमेकडे रेडिएशनवर भिस्त असे. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णांच्या जुन्या एमआरआयचा एकत्र अभ्यास झाला. उपचाराआधी सात मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या असलेल्या गाठींच्या बाबतीत नुसत्या रेडिएशनने भागत नाही, असे त्यातून दिसले. त्यानंतर दोन्ही बाजू जवळ आल्या, पण सहमती झालेली नाही.

दुसरा मतभेद रेडिएशन किती जणांना द्यावे याचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉस्पेक्ट चाचणीत मध्यम धोक्याच्या रुग्णांना आधी फक्त किमो देऊन, गाठ पुरेशी न आक्रसल्यासच रेडिएशन दिले गेले. पाच वर्षांनंतरचा निकाल नेहमीच्या पद्धतीच्या तोडीचा आला. रेडिएशनमुळे पाळी थांबणे, शौचावरचा ताबा सुटणे असे त्रास होतात, म्हणून तरुण रुग्णांसाठी हा निकाल मोलाचा. पण असे रुग्ण वेगळे काढायचे तर चांगला एमआरआय आणि तो वाचणारा अनुभवी डोळा दोन्ही लागतात. जिथे ते नाहीत तिथे सगळ्यांनाच रेडिएशन देणे हाच सुरक्षित मार्ग, असे म्हणणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही.

मोठ्या आतड्याच्या बाकीच्या भागात एवढी गुंतागुंत नव्हती. सीटी करायचा, पसरलेला नसेल तर शस्त्रक्रिया. फॉक्सट्रॉट चाचणीने तिथेही प्रश्न उभा केला. १,०५३ रुग्णांच्या या चाचणीत सीटीवर पुढे गेलेली दिसणारी गाठ आधी किमो देऊन मग काढली, तेव्हा दोन वर्षांत रोग उरण्याचे किंवा उलटण्याचे प्रमाण २१.५ वरून १६.९ टक्क्यांवर आले. अडचण अशी की, गाठ आहे त्यापेक्षा पुढे गेलेली दाखवण्याची चूक सीटीकडून होते. म्हणजे ज्यांना किमोची गरजच नव्हती अशांनाही ती दिली जाणार. हा धोका कितपत पत्करायचा, यावर एकमत नाही.

उपचाराआधी: अन्ननलिका, जठर आणि यकृत

अन्ननलिकेच्या कर्करोगात पेटने आपली जागा पक्की केली आहे. सीटीत न दिसलेला दूरचा प्रसार तो काही रुग्णांत पकडतो, आणि मग छाती-पोट उघडणारी मोठी शस्त्रक्रिया वाचते.

जठराकडे वळले की हेच पेट निकामी वाटू लागते. जठराच्या काही कर्करोगांच्या पेशी अंगठीतल्या खड्यासारख्या दिसतात आणि साखर फारशी ओढत नाहीत. शिवाय जठराचा कर्करोग पोटाच्या पडद्यावर वाळूच्या कणांसारखा विखुरतो. ते कण कोणत्याच यंत्राला नीट दिसत नाहीत. नेदरलँड्समधल्या प्लास्टिक नावाच्या अभ्यासात ३९४ रुग्णांचे पेट आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया, म्हणजे लॅपरोस्कोपी, दोन्ही केले. पेटने फक्त तीन टक्के रुग्णांत दूरचा प्रसार दाखवला. लॅपरोस्कोपीत १९ टक्के रुग्णांचा रोग पडद्यावर पसरलेला किंवा काढता न येण्याजोगा निघाला. हजारो रुपयांच्या छायाचित्रापेक्षा पोटाला पाडलेले छोटे छिद्र इथे अधिक सांगून गेले. जठराच्या गाठीसाठी सरसकट पेट लिहून देण्याची सवय या आकड्यांनंतर मोडायला हवी, असे माझे मत.

यकृतात चित्र निराळेच. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पोचला तरी गाठी मोजक्या असतील तर त्या काढून काही रुग्ण पूर्ण बरे होतात. म्हणून नेमक्या किती गाठी, कुठे, हे कळणे आवश्यक. शस्त्रक्रियेआधी पेट काढला तर किती फरक पडतो हे कॅनडातल्या एका चाचणीने पाहिले. ४०४ रुग्णांच्या या चाचणीचा अहवाल २०१४ मध्ये आला. पेट काढलेल्यांपैकी आठ टक्के रुग्णांची शस्त्रक्रियेची योजना बदलली, आयुर्मानात मात्र फरक दिसला नाही. उलट यकृतासाठी खास कॉन्ट्रास्ट वापरून केलेल्या एमआरआयने, कॅमिनो या युरोपीय अभ्यासात, सीटीनंतर ठरवलेली स्थानिक उपचाराची योजना जवळपास तीनपैकी एका रुग्णात बदलली. आज बहुतेक यकृत सर्जन हा एमआरआय मागतात.

याच ठिकाणी एक विलक्षण अडचण येते. किमोनंतर यकृतातली गाठ स्कॅनवरून नाहीशी होते. घरच्यांना आनंद होतो, सर्जनची मात्र पंचाईत. २००६ मधल्या एका फ्रेंच अभ्यासात सीटीवर अशा 'गायब' झालेल्या ६६ जागांचा मागोवा घेतला. त्यांतल्या ५५ ठिकाणी रोग शिल्लक सापडला किंवा पुढे परत उगवला. आजच्या एमआरआयने हे प्रमाण सुधारले आहे. तरीही न दिसणाऱ्या गाठीची जागा कापून काढायची की थांबून पाहायचे, हा निर्णय प्रत्येक केंद्रात वेगळा होतो.

उपचार चालू असताना

औषध लागू पडते आहे का, हे ठरवायला जगभर एक मोजपट्टी वापरतात: गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्के घटली तर प्रतिसाद, २० टक्के वाढली तर रोगाची वाढ. साधी आणि सोयीची. पण औषधे बदलली तशी ती तोकडी पडू लागली. पचनमार्गातल्या जिस्ट नावाच्या गाठींना इमॅटिनिब ही गोळी दिली की गाठ आतून मरते आणि द्रवाने भरते; आकार तोच राहतो, कधी वाढतोही. जुन्या मोजपट्टीने औषध बंद करायची वेळ यायची. २००७ मध्ये मांडलेल्या चोई निकषांनी आकाराबरोबर सीटीवरची घनताही मोजायला घेतली आणि ही चूक बरीच टळली. इम्युनोथेरपीतही काही रुग्णांत गाठ आधी फुगते आणि मग उतरते.

अन्ननलिकेत जर्मनीतल्या म्यूनिकॉन अभ्यासाने किमो सुरू झाल्यावर दोन आठवड्यांतच पेट काढून पाहिला. साखरेची ओढ ३५ टक्क्यांनी घटली नसेल तर औषध तिथेच थांबवून थेट शस्त्रक्रिया. कल्पना सुरेख होती. पण पेटवरचे आकडे एका यंत्राचे दुसऱ्याशी जुळत नाहीत, रुग्णाची साखर आणि इंजेक्शननंतरचा वेळ यांनीही ते हलतात. त्यामुळे रोजच्या वापरात ही पद्धत रुळली नाही.

गाठ दिसेनाशी झाली तर

आजचा सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे. रेडिएशन आणि किमोनंतर गाठ पूर्ण विरघळली असे दिसले, तरीही अवयव काढायचा का?

ब्राझीलच्या साओ पाउलोमधल्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी गुदाशयाच्या अशा रुग्णांना शस्त्रक्रिया न करता नजरेखाली ठेवायला सुरुवात केली. २००४ मध्ये त्यांचा अनुभव प्रसिद्ध झाला तेव्हा अनेकांनी तो बेजबाबदारपणा मानला. ज्या रुग्णाला पोटावर शौचाची कायमची पिशवी लावावी लागणार होती, त्याच्या दृष्टीने मात्र प्रश्न साधा होता. पुढे अशा रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८८० रुग्णांच्या माहितीत दोन वर्षांत सुमारे २५ टक्के रुग्णांत गाठ पुन्हा उगवली, आणि ती बहुतेक वेळा आतड्याच्या भिंतीतच, म्हणजे बोटाला किंवा दुर्बिणीला सापडेल अशा जागी होती. ३२४ रुग्णांच्या ओप्रा चाचणीत, रेडिएशननंतर किमो दिलेल्या गटातल्या निम्म्याहून जास्त रुग्णांचा गुदाशय तीन वर्षांनंतरही शाबूत होता. गाठीत डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांचा विशिष्ट दोष असेल, तर नुसत्या इम्युनोथेरपीने ती विरघळते, हे न्यूयॉर्कमधून २०२२ मध्ये आलेल्या १२ रुग्णांच्या निकालाने दाखवले. बाराही जणांत गाठ दिसेनाशी झाली. अशा गाठी गुदाशयात थोड्याच असतात.

स्कॅनची कसोटी इथे लागते. रेडिएशननंतर गाठीच्या जागी व्रण तयार होतो. एमआरआयमध्ये व्रण काळा दिसतो, जिवंत गाठ राखाडी; पण काळ्यात दडलेला राखाडी ठिपका ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही जड जाते. म्हणून कोणतीही एक तपासणी पुरत नाही. बोटाने तपासणी, एन्डोस्कोपी आणि एमआरआय ही तिन्ही एकत्र धरून निर्णय होतो, आणि पहिली दोन वर्षे दर काही महिन्यांनी तो पुन्हा घ्यावा लागतो. या पद्धतीच्या बाजूने असलेले म्हणतात, गाठ परत आली तरी बहुतेकांची शस्त्रक्रिया तेव्हाही नीट होते. विरोधकांचे म्हणणे, ज्यांच्यात ती परत येते त्यांच्यात दूर पसरण्याचे प्रमाणही अधिक दिसते. वाट पाहिल्याने ते वाढले की मुळातच ती गाठ वाईट होती, हे कोणी सिद्ध केलेले नाही. दोन्ही बाजूंना या मुद्द्यावर ठोस पुरावा हवा आहे.

अन्ननलिकेत हाच प्रश्न उशिरा आला. नेदरलँड्समधल्या प्रीसॅनो अभ्यासात पेट-सीटीने शिल्लक राहिलेल्या मोठ्या गाठींपैकी सुमारे १५ टक्के निसटू दिल्या. नेहमीची बायोप्सी ३१ टक्के चुकली. एकाच जागी खोलवर पुन्हा चिमटा घेतलेली बायोप्सी, जोडीला लसिका गाठींत सुई घातल्यावर, दहा टक्के. त्यावर उभी राहिलेली सॅनो चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. नजरेखाली ठेवलेल्यांपैकी दोन वर्षांनी ७४ टक्के हयात होते, लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७१ टक्के. मात्र नजरेखालच्या गटातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत गाठ पुन्हा दिसली. त्या चाचणीतल्या बहुतेकांचा कर्करोग आपल्याकडे अन्ननलिकेत प्रामुख्याने आढळणाऱ्या स्क्वेमस प्रकाराहून वेगळा, एडिनोकार्सिनोमा होता. दर काही महिन्यांनी एन्डोस्कोपी आणि पेटसाठी परत येणे नेदरलँड्ससारख्या छोट्या देशात जमते. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाने मुंबईच्या इतक्या फेऱ्या माराव्यात, हे कागदावर लिहिणे सोपे.

पाठपुरावा: दर सहा महिन्यांनी सीटी?

शस्त्रक्रिया झाली, किमो संपली. आता स्कॅन किती वेळा? बहुतेक रुग्णांना वाटते, जितके जास्त तितके बरे. इंग्लंडमधल्या फॅक्स चाचणीने १,२०२ रुग्णांवर हे तपासले. निकाल २०१४ चा. पाठपुरावा अगदी कमी ठेवलेल्या गटात रोग उलटल्यावर बरे करण्याच्या हेतूने शस्त्रक्रिया होऊ शकली २.३ टक्के रुग्णांची. सीईए ही रक्ततपासणी नियमित केलेल्यांत ६.७ टक्क्यांची, सीटी केलेल्यांत आठ टक्क्यांची. दोन्ही तपासण्या केल्या तरी जास्तीचा फायदा नाही. आणि आयुर्मानात गटागटांत फरक दिसला नाही. स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वेतल्या कोलोफोल चाचणीत २,५०९ रुग्ण होते. तीन वर्षांत पाच वेळा सीटी आणि सीईए करणे आणि तेच फक्त दोनदा करणे, यांत पाच वर्षांच्या मृत्युदरात अर्थपूर्ण तफावत सापडली नाही.

यावर दोन प्रकारे बोलले जाते. एक बाजू म्हणते, एवढे स्कॅन कशाला? पोट-ओटीपोटाच्या एका सीटीत साधारण आठ ते दहा मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो; निसर्गातून वर्षभरात जगात सरासरी २.४ मिळतो. शिवाय प्रत्येक स्कॅनमध्ये निरर्थक ठिपके सापडतात, आणि त्यांच्या पाठी लागून पुन्हा स्कॅन होतात. तारखेच्या आधीचा आठवडा घरात कोणी धड जेवत नाही, हा खर्च तर कुठेच मोजला जात नाही. दुसरी बाजू म्हणते, या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा यकृत आणि फुप्फुसातल्या गाठींवरचे उपचार आजच्याइतके पुढे गेलेले नव्हते. ज्या चार-सहा टक्क्यांना जादा शस्त्रक्रियेची संधी मिळाली, त्यांना सरासरी दाखवून परत पाठवणार का? बहुतेक मार्गदर्शक सूचना या दोन टोकांच्या मध्ये बसतात: पहिल्या दोन-तीन वर्षांत ठरावीक अंतराने सीटी, सीईए अधिक वेळा, आणि लक्षण किंवा संशय नसेल तर पेट नाही. शेवटच्या मुद्द्यावर जवळपास एकमत आहे. तरीही "पुन्हा एकदा पेट करून टाकू" हे वाक्य सर्रास कानावर येते, बहुधा नातेवाइकांच्याच तोंडून.

आपल्याकडे

परदेशी चाचण्यांचे आकडे इथे तसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि याचे एक कारण जुने आहे: क्षयरोग. आतड्याचा क्षय सीटीत कर्करोगासारखी जाड भिंत दाखवतो. क्षयाने सुजलेल्या लसिका गाठी पेटमध्ये कर्करोगाइतक्याच झळकतात. छातीतली एक झळकणारी गाठ दिसली म्हणून रुग्णाला चौथ्या टप्प्यात ढकलले आणि तो क्षय निघाला, अशी उदाहरणे भारतीय डॉक्टरांना नवीन नाहीत. त्यामुळे पेटवरच्या उजेडाला बायोप्सीने दुजोरा मिळाल्याशिवाय उपचाराची दिशा बदलू नये, हा नियम पश्चिमेपेक्षा आपल्याकडे अधिक काटेकोर पाळावा लागतो.

दुसरे म्हणजे, आपल्याकडे गुदाशयाच्या कर्करोगात तरुण रुग्ण आणि अंगठीतल्या खड्यासारख्या पेशींचा आक्रमक प्रकार तुलनेने जास्त दिसतो. गाठ विरघळण्याचे पाश्चात्त्य आकडे यांना किती लागू, हे स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातल्या रुग्णालयांसाठी समान मार्गदर्शक सूचना काढल्या. कोणत्या टप्प्यावर कोणता स्कॅन, हे त्यांत लिहिलेले आहे. अंमलबजावणी अडते ती जिल्ह्याच्या ठिकाणी.

अडते ती यंत्राच्या अभावापेक्षा रिपोर्टमुळे जास्त, असे मला वाटते. सीटी आता तालुक्यापर्यंत पोचला आहे. पण गुदाशयाच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये गुदद्वारापासूनचे अंतर, वेष्टनाच्या कडेपासूनचे अंतर, शिरेत शिरकाव आहे का, बाजूच्या गाठींचे माप, एवढ्या गोष्टी ठरावीक क्रमाने आल्या नाहीत, तर सर्जनला पुन्हा फोन करावा लागतो किंवा पुन्हा स्कॅन. रिपोर्टचा छापील साचा लावल्यावर हे मुद्दे सुटण्याचे प्रमाण घटते. त्याला खर्च जवळपास शून्य.

जे पुढे दिसते आहे

ब्रिटनमधल्या स्ट्रीमलाइन अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवले की, मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एकच संपूर्ण-शरीर एमआरआय नेहमीच्या अनेक स्कॅनइतकाच अचूक ठरतो, आणि दिवस व पैसे वाचतात. रक्तात तरंगणारे गाठीच्या डीएनएचे तुकडे मोजण्याची तपासणी स्कॅनच्या आधी रोग उलटल्याचे सांगू शकते. २०२२ च्या डायनॅमिक चाचणीत तिच्या आधाराने किमो घेणाऱ्यांचे प्रमाण २८ वरून १५ टक्क्यांवर आले आणि निकाल बिघडला नाही. रक्तात खूण सापडली आणि स्कॅन स्वच्छ, अशा रुग्णाचे काय करायचे, याला आज उत्तर नाही. साखरेऐवजी गाठीभोवतालच्या तंतुपेशींना चिकटणारे एफएपीआय हे द्रव्य जठराच्या बाबतीत पेटची उणीव भरून काढेल, अशी आशा आहे. मोठ्या चाचण्या चालू आहेत. संगणकाने एमआरआय वाचण्याचे प्रयोग पुष्कळ झाले. एका रुग्णालयात शिकलेला संगणक दुसऱ्या रुग्णालयाच्या यंत्रावर अडखळतो, हे त्यांतले वारंवार दिसणारे दुखणे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी ही पिशवी आलीच, तर दोन गोष्टी जरूर करा. जुन्या सीडी फेकू नका. नवा ठिपका खरोखर नवा आहे का, हे जुन्या चित्राशी ताडूनच कळते. आणि पुढचा स्कॅन लिहून मिळाला की डॉक्टरांना तिथेच विचारा, "याचं उत्तर काय आलं तर उपचार बदलेल?"